शाळेतून आलेला तो फॉर्म

"मॅडम, हा फॉर्म भरून दिला तर पोरीच्या नावावर कायमचा शिक्का बसेल का हो?" खुर्चीत टेकण्याआधीच त्या आईने विचारलं. दांडिया बाजारातलं मराठी कुटुंब, मुलगी तिसरीत. फॉर्म म्हणजे मुलांच्या भावना आणि वागण्याची चाचपणी करणारी, शाळेने घरी पाठवलेली 'एसडीक्यू' (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) ही प्रश्नावली. त्याच्या चार घड्या घातलेल्या, एका कोपऱ्यावर हळदीचा डाग. आठ दिवस तो मिसळणाच्या डब्याखाली पडून होता. सासूबाईंचं म्हणणं, शाळेला कशाला हव्यात घरच्या गोष्टी? मुलीला मी इथे ईशा म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बडोद्यातल्या आपल्या घरांतून हा प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. उत्तर आधीच देते: नाही. हे निदान नव्हे. ताप मोजला की ताप आहे एवढंच कळतं, कशाचा ते डॉक्टरांनी बघायचं असतं. मात्र फॉर्म कोण वाचणार, कुठे ठेवणार, हे शाळेला जरूर विचारा. असा निकाल चारचौघांत निघता कामा नये, याबद्दल मी फार आग्रही आहे.

ही प्रश्नावली ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडली. वाक्यं २५. भावना, वर्तन, चंचलपणा, सवंगड्यांशी जमणं आणि दुसऱ्याला मदत करणं, असे पाच-पाच वाक्यांचे पाच गट. प्रत्येकापुढे 'खरं नाही', 'थोडंफार खरं' किंवा 'अगदी खरं' अशी खूण करायची. खुणेनुसार प्रत्येक वाक्याला ० ते २ गुण. पहिल्या चार गटांची बेरीज ४०पैकी धरतात; ती जितकी जास्त, तितका त्रास जास्त.

आईने माझ्यासमोरच फॉर्म भरला. 'डोकं, पोट दुखतं अशी तक्रार वारंवार करते' या ओळीवर पेन थांबलं. मग 'अगदी खरं'. रोज सकाळी रिक्षा यायच्या वेळी पोट दुखायचं, रविवारी कधीच नाही. बालरोगतज्ज्ञांनी तपासून पोटात काही नसल्याचं सांगितलं होतं. तपासणी आधी झाली होती हे चांगलंच. पोटदुखी मनाची म्हणायची घाई मी कधी करत नाही.

भावनांच्या गटात आईच्या फॉर्मवर ७ आले, वर्गशिक्षिकेच्या फॉर्मवर २. "शहाणी मुलगी, काही त्रास नाही," असं बाईंचं मत. एकूण बेरीज आईच्या फॉर्मवर १५. पालकांच्या फॉर्मसाठी १४ ते १६ हा मधला पट्टा, १७ पासून पुढे काळजीचा. नुसती बेरीज पाहिली असती तर "बघू पुढच्या वर्षी" म्हणून ईशा सुटून गेली असती. पण भावनांच्या गटात ५ पासूनच लक्ष घालावं लागतं. दंगा करणारा मुलगा बाईंना पहिल्याच तासाला दिसतो. बाकावर पोट आवळून गप्प बसलेली मुलगी ५० मुलांत कुणाला दिसणार?

तिसऱ्या भेटीत ईशा खोडरबराने वहीचा कोपरा घासत होती. कागद फाटेपर्यंत घासला. मग खाली बघतच म्हणाली, "मी शाळेत गेले ना, की घरी काहीतरी होतं."

पावसाळ्यात आजोबा न्हाणीघरात पडले होते. ईशा शाळेतून आली तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी जेवू घातलं, घरच्यांनी सांगितलं, "आजोबा गावाला गेलेत." बारा दिवसांनी ते वॉकर धरून परतले. मोठ्यांनी तिला जपायला खोटं सांगितलं, आणि तिने त्यातून आपला अर्थ काढला.

आजोबांनी स्वतः तिला जवळ बसवून सगळं सांगितलं, शस्त्रक्रियेची खूणही दाखवली. इतकं नेमकं काम मला जमलं नसतं. पुढे शाळेशी ठरवून मधल्या सुट्टीत घरी एक फोन, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. पोट दुखलं तरी रिक्षात बसायचं, हे सासूबाईंना पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. मन दगड करून त्या दारात उभ्या राहायच्या. बाईंनीही फार साथ दिली. ईशा गप्प झाली की त्या तिला खडू आणायला पाठवत.

चार महिन्यांनी आईने तोच फॉर्म पुन्हा भरला. पोटदुखीच्या ओळीवर थोडा विचार करून 'थोडंफार खरं'वर खूण केली. म्हणाल्या, "सोमवारी अजून दुखतं, मॅडम. पण रिक्षा आली की स्वतःच दप्तर उचलते."