कॉइल नंतर बदला, आधी ती पॉलिसी परत करा

ठाण्यातील कासारवडवलीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४३, नोकरी ऐरोलीत, हातात येणारा पगार महिना १ लाख १० हजार. पत्नी घरी शिकवण्या घेतात, दोन मुले शाळेत आहेत. घरकर्जाचे ४६ लाख अजून बाकी असून हप्ता ४२ हजार आणि मुदत १८ वर्षे आहे. त्यांची आठ वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक दीड वर्षात चार वेळा इग्निशन कॉइलने (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या भागाने) अडवली. शेवटच्या वेळी मुलुंड-ऐरोली पुलावर गाडी झटके देऊ लागली आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत त्यांनी ती कशीबशी कडेला घेतली. आतापर्यंत साधारण १७ हजार रुपये गेले आहेत. ‘ही गाडी विकून १२ लाखांची नवी घ्यावी का?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

मात्र पैशांची सोय सांगताना ते पुढे लिहितात की, बँकेने घरकर्जावर १२ लाखांचे टॉप-अप, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज, मंजूर केले आहे, रक्कम अजून उचललेली नाही. कर्ज लवकर मंजूर व्हावे म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी वर्षाला दीड लाख हप्त्याची एक आयुर्विमा पॉलिसी सुचवली, ‘दुसऱ्या वर्षापासून मिळणाऱ्या खात्रीच्या उत्पन्नातून गाडीचा हप्ता निघेल’ असे सांगितले, आणि पहिला हप्ता या वाचकांनी मुदत ठेव मोडून भरला. पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात ईमेलवर आले आहेत.

या पत्रात गाडीपेक्षा कितीतरी महाग असलेला निर्णय या शेवटच्या दोन ओळींत आहे, आणि तो अजून मागे घेता येतो. पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत, पसंत नसल्यास, ती परत करून भरलेला हप्ता मिळवण्याचा हक्क ग्राहकाला आहे. त्यातून तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क एवढेच वजा होते. तुमचे काही दिवस आधीच गेले आहेत. त्यामुळे गाडीचा विचार बाजूला ठेवून आधी हे काम करा.

परत का करायची, याचा हिशेब कागदांतल्या बेनिफिट इलस्ट्रेशनच्या, म्हणजे कधी किती भरायचे आणि किती मिळायचे हे दाखवणाऱ्या, तक्त्यातच आहे. तुम्ही कळवलेल्या आकड्यांनुसार १० वर्षे दरवर्षी दीड लाख भरायचे, दुसऱ्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी ६० हजार घ्यायचे आणि अखेरीस भरलेले १५ लाख परत मिळायचे. म्हणजे पहिली दहा वर्षे तुम्ही महिन्याला साडेबारा हजार देणार आणि त्यातलेच पाच हजार ‘उत्पन्न’ म्हणून परत घेणार. या सगळ्या देण्याघेण्याचा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी तुम्ही नऊ टक्के व्याजाने कर्ज काढत आहात. गाडीचा हप्ता यातून निघेल हे विधान पूर्णपणे चुकीचे आहे, कारण टॉप-अपचा हप्ता सव्वाअकरा हजार होईल आणि हाती पाच हजार येतील, तेही साडेबारा हजार भरल्यावर. नोकरदार माणसाला असे गणित दाखवून सही घेणे मला अक्षम्य वाटते. कर्जासाठी बँकेने सुचवलेली पॉलिसी घेण्याची कोणतीही सक्ती नसते, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही असेही लिहिले आहे की, विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणालात. ‘उत्पादन समजले आहे का’ या प्रश्नाला दिलेले ते ‘हो’ पुढे फसवणुकीची तक्रार केल्यास तुमच्याच विरोधात वाजवून दाखवले जाऊ शकते. ३० दिवसांच्या आत पॉलिसी परत करताना मात्र फसवणूक सिद्ध करावी लागत नाही, म्हणूनच ही मुदत हातची घालवू नका. अर्ज थेट विमा कंपनीकडे, नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवा. त्यात पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख आणि परत करण्याचे कारण लिहा, रद्द केलेला धनादेश जोडा, आणि विमा कंपनीच्या शाखेत जाऊन एका प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. बँकेतून ‘थोडे थांबा, आपण बोलून घेऊ’ असा फोन येईल. त्या बोलण्यात दिवस जातात आणि फोनवरची विनंती अर्ज ठरत नाही. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करता येते, त्यानंतर विमा लोकपालांकडे जाता येते.

आता टॉप-अप. १२ लाख रुपये नऊ टक्क्यांनी १८ वर्षांसाठी घेतले तर एकूण २४ लाखांहून अधिक फेडावे लागतात. खासगी पेट्रोल गाडीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे ती संपल्यावरही तीन वर्षे तुम्ही तिचा हप्ता भरत असाल आणि शेवटचा हप्ता भरताना तुमचे वय साठीपलीकडे गेलेले असेल. घरकर्ज, टॉप-अप आणि पॉलिसी मिळून महिन्याला पावणेसहासष्ट हजार बांधले जातात. उरलेल्या सव्वाचव्वेचाळीस हजारांत ठाण्यातले घर, दोन शाळांची फी आणि रोजचा ऐरोलीचा प्रवास बसवणे कठीण आहे. मंजूर झालेले कर्ज उचललेच पाहिजे असे काही नाही; प्रक्रिया शुल्क गेले असेल तर ते गेले असे समजा.

यापेक्षाही अधिक काळजीची बाब तुम्ही विचारलेली नाही. नोकरीतला गटविमा सोडला तर तुमच्या आयुष्यावर १५ लाखांचेच संरक्षण आहे, तेही याच पॉलिसीतले, आणि कर्ज ४६ लाखांचे आहे. उद्या काही विपरीत घडले तर तुमच्या पत्नीला शिकवण्यांच्या उत्पन्नावर ते घर राखता येणार नाही. तुमच्या वयाच्या, निर्व्यसनी आणि निरोगी पुरुषाला एक कोटीचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा साधा आयुर्विमा) साधारण २० ते ३० हजार वार्षिक हप्त्यात मिळू शकतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. या पॉलिसीचा पुढचा हप्ता वाचेल, त्याच्या पाचव्या हिश्श्यात हे काम होते. टर्मचा अर्ज आजच करा, पण ही पॉलिसी परत करण्याचे काम त्यावर अडवून ठेवू नका. परत आलेला दीड लाख पुन्हा मुदत ठेवीत जाऊ द्या. ती ठेव मोडल्यामुळेच चार हजारांची कॉइल तुम्हाला संकटासारखी वाटू लागली आहे.

राहिली गाडी. तुम्ही ओघात लिहिले आहे की, दोन वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवले आणि त्यानंतर सहा महिन्यांनी कॉइल जायला सुरुवात झाली. माझ्या मते उत्तर इथेच आहे. कॉइल बॅटरीचे १२ व्होल्ट वाढवून प्लगला हजारो व्होल्ट पुरवते. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यात झिजलेल्या प्लगची फट वाढलेली असेल तर कॉइलवर सतत ताण येऊन तिचे आतले इन्सुलेशन जळते. अशा वेळी दरवेळी फक्त कॉइल बदलणे म्हणजे कारण तसेच ठेवून पैसे भरणे. चारही प्लग एकत्र बदलले होते का, हे मेकॅनिकला विचारा. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून प्लगच्या खोबणीत तेल उतरते का, तेही पाहायला सांगा. पुढच्या वेळी गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे झटके देऊ लागली, तर स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचायला सांगा. समजा तो पी ०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा आला, तर त्या सिलिंडरची कॉइल तीन नंबरवर लावून बघा. कोड पी ०३०२ चा पी ०३०३ झाला तरच दोष कॉइलचा. कोड जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंग तपासावे लागेल. मिसिंग करणारी गाडी तशीच चालवत राहू नका, न जळलेल्या इंधनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब झाला तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. सगळे नीट करून घ्यायला दहा-बारा हजार लागले तरी ते द्या. आणि सीएनजीची नोंद आरसीवर आणि गाडीच्या विम्यात आहे ना, हे आजच पाहा. नसेल तर अपघाताच्या दाव्यात वाद उभा राहतो.

‘जीएसटी कमी झाल्यामुळे हीच वेळ आहे’ असे शोरूममध्ये तुम्हाला सांगितले गेले. लहान गाड्यांवरचा दर २८ वरून १८ टक्के झाला हे खरे आहे, पण त्याला शेवटची तारीख जाहीर झालेली नाही आणि त्यासाठी घर पुन्हा गहाण टाकण्याची गरज नाही. गाडी आणखी दोन-अडीच वर्षे वापरा आणि महिना दहा हजारांची आवर्ती ठेव सुरू करा. त्यातून सुमारे अडीच-तीन लाख जमतील, त्यात जुन्या गाडीची किंमत मिळवून, कारखान्यातूनच सीएनजी असलेली सात-आठ लाखांची गाडी पाच वर्षांच्या साध्या वाहनकर्जावर घेता येईल. १२ लाखांची गाडी तुमच्या आजच्या पगाराला झेपणारी नाही.

पॉलिसी परत केल्याची पोच हातात आली की त्याच दिवशी बँकेत तिच्या हप्त्याची आपोआप वजावट लेखी कळवून बंद करा, कारण ती चालू राहिली तर पुढच्या वर्षी आणखी दीड लाख खात्यातून जाऊ शकतात.