काट्याचा आकडा जळगावला अर्धाच का पोचतो?

प्रश्न : धरणगावला आमची जिनिंग आहे. भुईकाट्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या डब्याला) सिरियल सर्व्हर, म्हणजे सिरियल तारेवरचा डेटा नेटवर्कवर पाठवणारा डबा, जोडून वजन व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीवरून) जळगावच्या ऑफिसात घेतो. आकड्यांत मधेच भलतीच अक्षरं दिसतात, कधी अर्धाच आकडा येतो. परवा ऑफिसातूनच सर्व्हरचा आयपी बदलला, तेव्हापासून सर्व्हर सापडत नाही.

उत्तर : आधी अक्षरांचं पाहू. ०, ३, ५, ६, ९ बरोबर दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागीच कचरा येतो का, ते तपासा. तसं असेल तर इंडिकेटर ७ बिट, इव्हन पॅरिटीवर (१ ची एकूण संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट जोडून) पाठवतोय आणि सर्व्हर ८ बिट, नो पॅरिटीवर वाचतोय. ज्या अंकाच्या ७ बिटांत १ ची संख्या विषम, त्याचा पॅरिटी बिट १ होतो आणि तोच आठवा डेटा बिट म्हणून वाचला जातो. सगळीच अक्षरं बिघडलेली असतील तर बहुधा बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) चुकलाय. बॉड रेट आणि बिट-पॅरिटी, दोन्ही इंडिकेटरच्या मेनूतून उतरवून घ्या, अंदाजाने टाकू नका.

अर्धा आकडा हा वेगळा दोष. इंडिकेटर वजन सतत ओकत असतो आणि सर्व्हर हाती येईल तेवढं पॅकेटात भरून पाठवतो. सर्व्हरच्या डेटा पॅकिंगमध्ये (पॅकेट कधी पाठवायचं त्या सेटिंगमध्ये) डिलिमिटर, म्हणजे ओळ संपल्याची खूण, चालू करून इंडिकेटरच्या ओळीच्या शेवटचं चिन्ह द्या. ते बहुतेक वेळा सीआर-एलएफ, म्हणजे हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ०डी ०ए असतं. तरी हेक्समध्ये एकदा पाहून खात्री करा. टीसीपीत (नेटवर्कवरून डेटा नेण्याच्या पद्धतीत) ओळींच्या सीमा टिकतीलच असं नाही, म्हणून वजनाच्या सॉफ्टवेअरनेही ते चिन्ह येईपर्यंत थांबलं पाहिजे. नेमकी हीच दुरुस्ती राहून जाते.

हरवलेल्या सर्व्हरसाठी मात्र धरणगावलाच जावं लागेल. लॅपटॉप त्याच स्विचला लावून कंपनीचं सर्च सॉफ्टवेअर चालवा. सर्व्हरचा आयपी दुसऱ्या सबनेटमध्ये (आयपींच्या दुसऱ्या गटात) असला तरी ते सहसा शोधून देतं. मग गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला जाण्याच्या वाटेचा आयपी, पाहा. तो चुकला असेल तर जिनिंगमध्ये सगळं सुरळीत दिसतं, पण जळगावला उत्तर परतत नाही. आयपी, मास्क (सबनेटची हद्द ठरवणारा आकडा), गेटवे तिन्ही एकदम भरा, सेव्ह करा, रीस्टार्ट करा. बऱ्याच सर्व्हरांत रीस्टार्टशिवाय बदल लागू होत नाहीत. यापुढे लांबून बदल करायचे तर सिरियलचे आधी, आयपीचे सर्वांत शेवटी, आणि तेही जिनिंगमध्ये माणूस हजर असताना. परवानगी असलेल्या आयपींची यादी चालू करण्याआधी तिच्यात ऑफिसचा आयपी टाका, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

प्रश्न : शिरपूरच्या कारखान्यात आरएस-४८५ वर (एकाच तारजोडीवर अनेक उपकरणं जोडायच्या सिरियल पद्धतीवर) ६ वीजमीटर आहेत. शेवटचे दोन गप्प असतात.

उत्तर : त्या दोघांच्या ए-बी तारा उलट लागल्या आहेत का आणि स्लेव्ह आयडी (तारेवरचा मीटरचा क्रमांक) दुसऱ्या कुणाशी जुळतोय का, हे आधी पाहा. तार एका मीटरहून पुढच्या मीटरला अशी ओळीने न्या, मधून फांद्या काढू नका. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावा. प्रत्येक मीटरला लावला असेल तर सिग्नल दबतो आणि टोकाचे मीटर आधी गप्प होतात.