आधी आयुष्य मोज

तुझं पत्र वाचलं. फर घातलेल्या बाईला तू चार शब्द सुनावलेस, तिने तुझ्या चामडी बुटांकडे आणि ताटातल्या कोंबडीकडे बोट दाखवलं आणि तुला पुढे बोलताच येईना. आता विचारतेस, सगळं सोडून देऊ की कुणालाच काही बोलायचं नाही?

दोन्ही नको. मुक्या जिवाला दुखतं हे तुला मी सांगायला नको, ते पटलंय म्हणूनच तू अडकलीस. तुमचं भांडण मरणावरून चाललं होतं: चैनीसाठी मारलं की पोटासाठी. त्या भांडणात ती जिंकणारच, कारण पोटासाठी म्हणावं तर कोंबडी न खाताही तुझं पोट भरतं. मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आलेय, ऐकणारे वैतागले तरी सांगणार. आधी आयुष्य मोज, मरण नंतर. मरणाला मिनिटं लागतात, पिंजऱ्यात महिने जातात.

बाजारातली बहुतेक फर पाळलेल्या प्राण्यांची असते आणि त्यात मोठा वाटा मिंकचा. एकटा राहणारा, पाण्याकाठचा, पोहून शिकार करणारा मांसाहारी प्राणी. पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात आणि हिवाळी केस भरले की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मारली जातात. मधले सहा-सात महिने तारेच्या जाळीवर. युरोपातल्या १९९९ च्या शिफारशींनी प्रौढ मिंकसाठी पिंजऱ्याची किमान जागा ठरवली ती २,५५० चौरस सेंटिमीटर, उंची ४५ सेंटिमीटर. पोहायला पाणी नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये मिंकना वेगवेगळ्या सोयी देऊन प्रत्येकीच्या दाराला वजनं लावली. सगळ्यांत जास्त जोर त्यांनी पाण्याच्या टाकीच्या दारावर लावला. टाकी बंद केल्यावर लघवीतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलं, जवळपास अन्न तोडल्यावर वाढतं तितकं. पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात काढूनही पाण्याची ओढ गेलेली नाही. आणि तो जाळीवर तीच ती फेरी मारत राहतो. मारताना कार्बन मोनॉक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वापरतात, आणि एका लांब कोटाला डझनावारी जीव लागतात. त्यांचं मांस माणूस खात नाही. म्हणजे ते आयुष्य अथपासून इतिपर्यंत कोटासाठीच घडवलेलं. फरला माझा नकार आहे तो यासाठी.

चामड्याचा हिशेब वेगळा. ‘ते तर मांसाबरोबर फुकटच येतं’ हे मात्र अर्धसत्य आहे, ते तोंडी ठेवू नकोस. गाईबैलाच्या एका कातड्यातून साधारण ४० ते ५० चौरस फूट चामडं निघतं, बुटांच्या जोडीला सुमारे ३ चौरस फूट पुरतं. जनावराच्या एकूण किमतीत कातड्याचा वाटा लहान असतो. मागणी पडली की कातडी कमावायला न जाता फेकली जातात, गुरं मात्र जवळपास तितकीच पाळली जातात. तुझ्या बुटाने त्या जनावराच्या आयुष्यात फारच थोडं ठरवलं. थोडं, शून्य नव्हे. मगरीच्या बाबतीत तर कातडंच मुख्य माल आणि मांस जोडीला, तेव्हा तिथे ‘उपउत्पादन’ हा शब्द कुणी वापरला तर सरळ हटक.

काराकुल मेंढीचं कोकरू पुढे करून मला नेहमी अडवतात. केसांचे वळसे उलगडायच्या आत, जन्मल्यावर काही दिवसांतच त्याला फरसाठी मारतात. पिंजरा नाही, महिने नाहीत, मग तुझ्या मापाने ते सुटलं का? नाही सुटलं. जगू न दिलेले दिवसही आयुष्याच्याच खात्यावर येतात. फरसाठी लावलेल्या जबड्याच्या सापळ्यात पाय अडकलेलं जंगली जनावर आयुष्यभर मोकळं फिरलेलं असतं हे खरं, पण सापळेवाला येईपर्यंत ते तासन् तास, कधी दिवसभर तिथेच तडफडतं. मरण इतकं लांबलं की तेही आयुष्यातच मोजायचं. युरोपीय संघाने या सापळ्यांवर बंदीचा नियम १९९१ मध्ये केला तो उगाच नाही.

आता ताटाकडे ये, कारण त्या बाईचं बोट योग्य जागी होतं. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, ३५ ते ४२ दिवसांत दोन-सव्वादोन किलोची होते आणि कापली जाते. युरोपीय संघात एका चौरस मीटरमध्ये जास्तीत जास्त ४२ किलो पक्षी ठेवता येतात. २.१ किलोच्या हिशेबाने २० पक्षी, प्रत्येकीला ५०० चौरस सेंटिमीटर. अंड्यांच्या कोंबडीचं त्याहून वाईट, कारण ती वर्षाहून जास्त तशी राहते. साध्या पिंजऱ्यात तिला ५५० चौरस सेंटिमीटर मिळायचे, ए-फोर कागदाहून कमी. ते पिंजरे युरोपीय संघात २०१२ पासून बंद झाले, पण ७५० चौरस सेंटिमीटरचे ‘सुधारित’ पिंजरे कायद्यात बसतात. जगात इतरत्र जुने अजून भरपूर आहेत. हे आकडे मिंकच्या आकड्याशेजारी ठेव. पक्षी लहान आहे, मान्य, पण पंख पसरायला त्याला त्याहून किती तरी जास्त जागा लागते. इंग्लंड आणि वेल्सने फरपालनावर बंदीचा कायदा २००० मध्येच केला. माझी खंत हीच आहे, की फरविरोधाचे फलक धरणाऱ्या आम्ही सगळ्यांनी अंड्यांच्या ट्रेकडे इतकी वर्षं पाठ फिरवली. कोट घालणारी बाई परकी होती, ट्रे आमच्या घरात होता.

आणि कृपा करून ‘मी फक्त कोंबडी खाते, मोठं जनावर नाही’ असं प्राण्यांच्या नावाने सांगू नकोस. एका बैलाचं मांस दोनशे किलोच्या वर भरतं, एका ब्रॉयलरचं दीड किलोच्या आसपास. तेवढ्याच मांसाला शंभराहून जास्त कोंबड्या लागतात आणि त्यांची आयुष्यं बहुधा वाईट असतात. हवामानाचा हिशेब गोमांसाच्या विरोधात जातो, तो वेगळा मांड. दोन्ही एकात कालवू नकोस.

अख्खी कोंबडी कातडीसकट घेत असशील तर तंगडीचं खालचं टोक, घोट्याचा सांधा, उजेडात धरून बघ. तिथे तपकिरी-काळसर डाग असेल तर ती भाजल्याची खूण आहे. खालचा भुसा विष्ठेने ओला होतो, त्यातून अमोनिया सुटतो, वजनाने दमलेला पक्षी त्यावर बसून राहतो आणि कातडी जळते. वेष्टनावर हिरवं कुरण छापलेलं असलं तरी हा डाग खोटं बोलत नाही. मात्र डाग नाही म्हणून सगळं ठीक होतं असंही समजू नकोस, नुसती कोरड्या भुशाची शेड असू शकते.

मला विचारतात, मग तू चामडी बूट का घालतेस? घालते, आणि मान खाली घालून नाही. पॉलियुरेथेनचं नकली चामडं दमट हवेत आपसूक विघटन पावतं, न वापरताही काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि नवीन जोडी घ्यावी लागते. वेल्ट, म्हणजे कडेची पट्टी, लावून शिवलेल्या चामडी बुटाचा तळ पुन्हा पुन्हा बदलता येतो. भिजला तर आत कागद कोंबून सावलीत वाळव. हीटरजवळ ठेवलास तर चामडं आक्रसतं आणि तडकतं. वाळल्यावर पातळ हाताने क्रीम लाव. नुसता ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का बघून भुलू नकोस, तो बहुतेकदा खालच्या थराच्या, वरून रंग चढवलेल्या चामड्यावर असतो. कमावण्याच्या हौदांत क्रोमियम आणि सल्फाइड असतं. सल्फाइडच्या पाण्यात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि कामगार जागच्या जागी मरू शकतो. म्हणून जोड्या कमी घे. ढोंगी म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की तुम्ही कुठलं आयुष्य मोजलंत?

नकली म्हणून खरी फरही खपवली जाते. केस बाजूला करून मुळाशी बघ: खाली कातडं असेल तर खरी, विणलेलं कापड असेल तर नकली. शंका उरली तर दोन-चार केस चिमट्यात धरून जाळ. केस जळाल्याचा वास आणि चुरगळणारी राख आली तर खरी, वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिक.

घरातल्या जुन्या फर कोटाचं काय करायचं, हेही तू विचारलंस. विकू नकोस, घालूही नकोस. अंगावर दिसला की नव्यालाच गिऱ्हाईक मिळतं. अनाथ पिल्लं वाढवणारी काही वन्यप्राणी बचाव केंद्रं अशा कोटांचं अंथरूण करतात. आधी विचारून घे. देण्यापूर्वी अस्तर, बटणं, हुक आणि सुटे दोरे काढून टाक, नाहीतर पिल्लांचे पाय गुंततात. डांबरगोळ्यांत ठेवलेला असेल तर तेही आधीच सांग, ते विषारी असतं आणि केंद्र कदाचित घेणार नाही.