पत्रांतून सांगितलेली कादंबरी मुलांना खरंच कळली का, हे कसं तपासायचं?

मोंतेस्कियची ‘पर्शियन पत्रं’ ही अठराव्या शतकातली फ्रेंच कादंबरी तुम्ही बी.ए.च्या वर्गाला वाचायला दिलीत आणि त्यावर वीस प्रश्न काढायचेत, असं तुम्ही लिहिलंय. वीस नका काढू, सहा पुरे. आणि पुस्तक समोर ठेवून लिहू द्या.

मी फ्रेंच शिकवते. या पुस्तकावरचा माझा पहिला पेपर साफ फसला होता. ‘उस्बेक इस्फहान का सोडतो?’ छापाचे प्रश्न. पुस्तकाला हातही न लावलेल्या मुलाला विसापैकी अठरा मिळाले. सारांश पाठ होता ना!

पुढच्या वेळी मी तारखा धरल्या. इथे निवेदक नाही. पॅरिसला आलेले उस्बेक आणि रिका हे दोन पर्शियन, मागे इस्फहानात उस्बेकच्या जनानखान्यातल्या बायका आणि खोजे (म्हणजे तिथले नपुंसक पहारेकरी), जो तो स्वतःला ठाऊक तेवढंच लिहितो, आणि टपालाला पाचेक महिने लागतात. महिन्यांची नावं रजब, जिल्हेज अशी. पेशवाईतले कागद वाचणाऱ्यांना ती परकी नाहीत, फक्त मोंतेस्कियने मोहरम म्हणजे मार्च धरून पुढचे ओळीने बसवलेत. एवढं मुलांना आधी सांगून टाका.

आता 147 ते 150 ही पत्रं घ्या. सप्टेंबर 1717मध्ये मुख्य खोजा कळवतो की जनानखाना हाताबाहेर गेलाय. फेब्रुवारी 1718मध्ये उस्बेक त्याला सर्वाधिकार देतो. जुलैत तिथला म्हातारा गुलाम नार्सित लिहितो: मुख्य खोजा वारला, दोन दिवसांनी आपलं पत्र आलं, त्याच्या नावचं म्हणून मी उघडलं नाही, अदबीने कुलपात ठेवलंय. उस्बेक त्याच्यावर भडकतो तोवर डिसेंबर उजाडलेला. माझा प्रश्न: या दहा महिन्यांत इस्फहानात सत्ता कोणाची होती? ‘कुलपातल्या पत्राची’, असं एकीने लिहिलं. पूर्ण गुण दिले.

दुसरी जोडी 26 आणि 161. लग्नानंतर आपली बायको रोक्सान आपल्याला दूर ठेवत होती, ही तिची शालीनता, असं उस्बेक 26मध्ये कौतुकाने सांगतो. 161मध्ये विष घेतलेली रोक्सान म्हणते, तो द्वेष होता. शेवट वाचून झाल्यावर 26 पुन्हा वाचायला लावा आणि उस्बेकच्या कोणत्या वाक्याचा अर्थ उलटला ते विचारा. सारांशवाले इथे अडकतात.

खोडसाळ प्रश्न हवा असेल तर ‘काळाने शेवटचं पत्र कोणतं?’ सगळे 161 लिहितात. ते मे 1720चं. 146 मात्र नोव्हेंबर 1720चं आहे, मंत्र्याने अख्ख्या देशाची नियत कशी नासवली यावर उस्बेकचं प्रवचन. ते लिहिताना रोक्सानचं पत्र त्याच्या हाती पडलं होतं का? दोन्ही बाजूंनी लिहिता येतं, मी फक्त कारणं तपासते.

हे क्रमांक 161 पत्रांच्या आवृत्तीचे आहेत. 1721च्या पहिल्या आवृत्तीत 150च पत्रं होती, त्यामुळे मुलांच्या हातात कोणती प्रत आहे ते पेपर छापण्याआधी बघून घ्या.