ब्रिटनमध्ये राहून युरोप फिरायचाय? आधी व्हिसाचं समजून घ्या

तुम्ही विचारलंय की नोकरीच्या व्हिसावर बायको-मुलांसह ब्रिटनला येताय, सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय, तर इथे आल्यावर सुट्टीला सुट्टी जोडून पॅरिस, ॲम्स्टरडॅम करता येईल ना? येईल, पण मनात आलं आणि निघालो असं होत नाही. बरीच वर्षं इथे काढल्यावर सांगते, परदेशातल्या बाकीच्या अडचणींची सवय होते. या एका गोष्टीची मला अजून झालेली नाही.

मुळात ब्रिटनचा व्हिसा ब्रिटनपुरता. पॅरिस, ॲम्स्टरडॅमला लागतो तो शेंगेन व्हिसा. शेंगेन क्षेत्र म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट. त्यात सध्या २९ देश आहेत आणि ब्रिटन त्यात कधीच नव्हतं. ऑफिसातले ब्रिटिश लोक गुरुवारी तिकीट काढून शुक्रवारी बार्सिलोनाला जातील, तुम्हालाही चला म्हणतील. थोड्या दिवसांच्या सहलीला त्यांना व्हिसा लागत नाही, तुम्हाला लागतो. इथे किती वर्षं राहिलात, किती कर भरलात, याने त्यात काही फरक पडत नाही. आयर्लंडचंही तेच. ब्रिटनमधल्या बेलफास्टहून आयर्लंडमधल्या डब्लिनला जाताना वाटेत पासपोर्टची नेहमीची तपासणी नसते, म्हणून काही जण बिनधास्त जाऊन येतात. तसं करू नका. तपासणी नसली तरी भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतोच, आणि सापडलात तर पुढच्या प्रत्येक अर्जात ते आडवं येईल.

जीव खाते ती शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट, म्हणजे अर्ज द्यायला हजर राहायची तारीख. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करायचा असतो. वाचताना वाटतं, भरपूर वेळ आहे. पण बऱ्याच देशांनी अर्ज स्वीकारायचं काम खासगी केंद्रांकडे दिलंय, आणि ईस्टर, उन्हाळा, नाताळ यांच्या आधी तिथे तारखा दिसतच नाहीत. नव्या तारखा कधी खुल्या होणार तेही धड कळत नाही. रात्री झोपताना बघायचं, पहाटे उठून बघायचं. दिसलीच तर एका माणसापुरती एकच जागा, आणि तुम्ही चौघं. शाळेची सुट्टी ठरलेली, रजा मंजूर, आणि सगळं त्या एका तारखेवर अडलेलं. याचा मला मनापासून राग येतो, कारण सगळं नियमाने करू बघणाऱ्यालाच यात जास्त त्रास आहे. तारखा अडवून विकणारे लोक याच अगतिकतेवर जगतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पैसे जातात ते जातात, वर पासपोर्टचे सगळे तपशील भलत्याच्या हाती पडतात.

फ्रान्सची तारीख मिळत नाही म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करून टाका, असाही सल्ला तुम्हाला मिळेल. नियम असा आहे की ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. तारीख दुसऱ्या देशाची मिळत असेल तर खरोखरच त्या देशाची सहल करा. मी हल्ली तेच करते: आधी तारीख, मग देश, मग तिकीट.

आता पासपोर्टचं. अर्ज दिला की पासपोर्ट तिकडे जमा होतो. निर्णय १५ दिवसांत अपेक्षित असतो, पण जास्त तपासणी लागली तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबवता येतो. तेवढे दिवस तुम्ही ब्रिटनबाहेर जाऊ शकत नाही, म्हणजे घरीसुद्धा जाऊ शकत नाही. येण्याआधी हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. आईवडील भारतात, वयं झालेली. फोन कधी येईल याचा नेम नाही. पासपोर्ट मधेच परत मागता येतो, पण तो त्याच दिवशी हातात पडेल याची खात्री नाही, आणि भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल, कुणाची तब्येत नाजूक असेल, तर त्या काळात शेंगेनचा अर्ज करूच नका. पॅरिस कुठे जात नाही. आणि अर्ज करायचाच असेल तर निदान नवरा-बायकोचे पासपोर्ट एकाच वेळी अडकू नयेत, असं जमतंय का बघा.

एवढं करून व्हिसा मिळतो तो बहुतेकदा त्या सहलीपुरता. पुढच्या खेपेला तेच कागद, तीच रांग. बोटांचे ठसे मात्र ५९ महिने चालतात. यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन युनियनने भारतीयांसाठी नियम सैल केला: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळून नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा, अनेक वेळा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो. पण ही सवलत भारतात राहून भारतातच अर्ज करणाऱ्यांना आहे. इथून अर्ज करणाऱ्या आपल्यासारख्यांना साधा नियम, म्हणजे एका वर्षाच्या व्हिसासाठी आधी दोन वर्षांत तीन व्हिसे. तेव्हा तुमचे आधीचे दोन झाले असतील आणि निघण्यापूर्वी खरोखर युरोपचा प्रवास असेल, तर तो अर्ज तिथूनच करा.

कागदांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये आता राहण्याच्या परवान्याचं कार्ड नसतं, ई-व्हिसा, म्हणजे ऑनलाइन नोंद असते. ती दुसऱ्याला दाखवण्यासाठी काढायचा शेअर कोड ९० दिवसच चालतो, म्हणून अपॉइंटमेंटच्या आठवड्यात नवा काढा आणि पानाची प्रिंट न्या. ३०,००० युरोंचा विमा, दोन कोरी पानं, परतल्यानंतर तीन महिने तरी चालेल असा पासपोर्ट हे तर हवंच. सगळ्यांत जास्त अडतं ते नावाशी. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पगाराच्या स्लिपवर ते गायब, बायकोच्या एका कागदावर माहेरचं आडनाव. इथे नोकरी लागताना, बँकेत खातं उघडताना पहिल्या दिवसापासून पासपोर्टवरचंच पूर्ण नाव द्या. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला इंग्रजीत करून, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) घेऊनच निघा. इथून ते काम करणं फार जिकिरीचं होतं.

भारतात येता-जाताना तिकीट स्वस्त दिसलं तरी विमान कुठे बदलतंय ते बघा. शेंगेनमधल्या दोन विमानतळांवर बदलायचं असेल, समजा आधी ॲम्स्टरडॅम मग फ्रँकफर्ट, तर शेंगेन व्हिसा लागतो. एकाच ठिकाणी बदलत असेल तरी काही देशांना ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे नुसतं विमान बदलण्यापुरता व्हिसा, हवा असतो. तिकिटाआधी त्या देशाच्या वकिलातीचं पान वाचा. आणि ब्रिटनचाच व्हिसा वाढवायला अर्ज केला असेल, तर निकाल लागेपर्यंत सहलीचं नाव काढू नका. मधेच ब्रिटन-आयर्लंडच्या बाहेर गेलात तर तो अर्ज मागे घेतला असं धरलं जातं.

शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत. मुलांची वयं आणि कुठल्या महिन्यात निघायचा विचार आहे ते कळवा, म्हणजे कुठल्या आठवड्यापासून तारखा बघायला लागायचं ते सांगते.