भ्रूण आणि गर्भ यांत फरक काय? मराठीत कुठला शब्द कधी वापरावा?

फलनापासून आठवा आठवडा संपेपर्यंत भ्रूण, पुढे जन्मापर्यंत गर्भ. परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण ‘गर्भ हा जुना शब्द, भ्रूण शास्त्रीय’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही.

माझं दुसऱ्या खेपेचं गेलं, तेव्हा सोनोग्राफीच्या कागदावर ११ आठवडे ३ दिवस लिहिलं होतं. डोक्यापासून बुडापर्यंत साडेचार सेंटिमीटर, ठोके नाहीत. घरी येऊन मी बाळ, बाळ करत रडत होते. धाकटे भाऊजी शाळेत विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, “वहिनी, बाळ म्हणू नका. तीन महिन्यांपर्यंत तो नुसता भ्रूण असतो.” समजूत घालायलाच म्हणाले असतील, पण तो ‘नुसता’ मला आजही टोचतो. सासूबाई माझ्या डोक्याला तेल लावत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “पोटातलं गेलं गं बाई.”

तेव्हा गप्प बसले, आता सांगते. सोनोग्राफीतले आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात, म्हणजे फलनाच्या साधारण दोन आठवडे आधीपासून. अकरातून दोन गेले, नऊ राहिले. आठवा उलटला होता. म्हणजे भाऊजींच्या शास्त्राप्रमाणेही तो भ्रूण नव्हता, गर्भ होता. हाताची बोटं सुटी होतात तोवर.

‘स्त्रीभ्रूणहत्या’ म्हणतो तिथेही तेच. सोनोग्राफीत लिंग कळेपर्यंत भ्रूणावस्था संपलेली असते. तो शब्द धर्मशास्त्रातल्या भ्रूणहत्येवरून आला, ‘पोटातला जीव’ या अर्थाने. मग भ्रूण नवा कसा? दवाखान्यातल्या पाटीवरचा ‘गर्भलिंगनिदान’ शब्द जास्त बरोबर आहे. आणि गर्भ तर आपल्या गोठ्यापर्यंत पोचलाय: गाभण म्हैस, गाय गाभडली, केळीचा गाभा. भ्रूणावरून झालेला असा एक तरी घरातला शब्द मला कोणी दाखवावा.

अर्थात टेस्ट ट्यूब पद्धतीत प्रयोगशाळेत वाढवतात तो भ्रूणच, त्याला गर्भ म्हणू नका. आणि बोलण्यात लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात, त्यात चूक काढत बसू नये. पण जिचं गेलंय तिच्यासमोर यातला एकही शब्द नको. ती बाळ म्हणत असेल तर बाळच. भाऊजींना हे सांगायचं अजून राहिलंय.