बजरीगरच्या जोडीसाठी पिंजरा किती मोठा आणि कसला घ्यावा?

दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारी छोटी रंगीत जोडी बहुतेकदा बजरीगरचीच असते. हे पक्षी आडवे उडतात, म्हणून उंचीपेक्षा लांबी बघा. जोडीला किमान ३० इंच लांब, १८ रुंद, १८ उंच. पक्ष्यांसोबत मिळणारा टीचभर पिंजरा त्यांना घरी आणण्यापुरताच. घुमटाचा गोल पिंजराही नको. वर तारा जुळतात तिथे पक्ष्याचं बोट अडकतं.

तारांमधलं अंतर १२ मिमीपेक्षा जास्त नसावं, नाहीतर डोकं बाहेर येऊन अडकतं. पावडर कोटिंग किंवा स्टेनलेस स्टील घ्या. स्वस्त गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) जाळीवर जस्ताचे थेंब, पांढरी भुकटी असते. पक्षी ती कुरतडतात आणि विषबाधा होते. तीच जाळी वापरायची असेल तर व्हिनेगर लावून ताठ ब्रशने घासा, धुवा, वाळवा. तरी स्टीलची सर येत नाही. वर सरकणारं दार पक्षी चोचीने उचलतात आणि ते मानेवर पडतं, त्याला क्लिप लावाच.

सोबत आलेल्या प्लास्टिकच्या दांड्या काढून टाका. एकाच जाडीवर सतत बसून तळपायाला फोड येतात. फवारणी नसलेल्या पेरूच्या १ ते २ सेंमी जाडीच्या वेड्यावाकड्या फांद्या लावा, दाण्यापाण्याच्या वाट्यांवर मात्र नकोत, विष्ठा पडते.

पिंजरा भिंतीलगत ठेवा, स्वयंपाकघरात अजिबात नको: तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. आणि हो, आपला देशी हिरवा पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पिंजरा कितीही मोठा असला तरी.